फोनची एक्स्पायरी कशी काढायची: अपडेटच्या वर्षांचा रोखठोक हिशेब

औषधाच्या पट्टीवर एक्स्पायरी छापलेली असते, फोनच्या खोक्यावर नसते. तिथे असतं '४ वर्षं अपडेट' नाहीतर '७ वर्षं सपोर्ट'. ही वर्षं कधीपासून मोजायची आणि नेमकी कशाची, हे माहीत नसेल तर तो आकडा नुसताच शोभेचा. अँड्रॉइड भारी की आयफोन, या वादात उतरायच्या आधी आपल्या फोनची, किंवा जो घ्यायचाय त्याची, एक तारीख काढा. महिना आणि वर्ष, बस. दहा मिनिटांचं काम आहे.

आधी वचन नीट वाचायचं

'अपडेट' या एका शब्दात कंपन्या दोन गोष्टी कोंबतात. एक म्हणजे अँड्रॉइडचं नवं व्हर्जन: १४ चं १५, १५ चं १६. हे साधारण वर्षातून एकदा. दुसरा सिक्युरिटी पॅच: व्हर्जन तेच राहतं, सापडलेली भोकं बुजवली जातात. पॅचची वर्षं बहुतेक वेळा व्हर्जनपेक्षा जास्त असतात. सॅमसंग गॅलेक्सी एस२३ ला ४ व्हर्जन आणि ५ वर्षं पॅच, वनप्लस १३ ला ४ व्हर्जन आणि ६ वर्षं पॅच. गूगलच्या पिक्सेल ८ पासून पुढचे पिक्सेल आणि गॅलेक्सी एस२४ यांना दोन्ही ७. जाहिरातीत नुसतं '४ वर्षं अपडेट' असेल आणि व्हर्जनचा आकडा वेगळा दिलेला नसेल, तर ते पॅचबद्दलच आहे असं धरून चाला.

आता बहुतेकांची चूक होते ती जागा. मोजणी सुरू होते फोन बाजारात आला त्या दिवसापासून. तुम्ही खोकं फोडलंत त्या दिवसाशी तिचा संबंध नाही.

एस२३ घ्या. तो फेब्रुवारी २०२३ मध्ये अँड्रॉइड १३ घेऊन आला. १३ अधिक ४ म्हणजे १७, हे त्याचं शेवटचं व्हर्जन. पॅच फेब्रुवारी २०२८ पर्यंत. कुणी तो २०२५ च्या दिवाळी सेलमध्ये कोरा करकरीत घेतला असेल, तर वॉरंटी पूर्ण मिळाली, पण पॅच उरले २८ महिन्यांचे. त्याच दिवाळीला पिक्सेल ८ए घेतलेल्याचे उरले ६७ महिने, कारण तो मे २०२४ मध्ये आला आणि त्याची ७ वर्षं मे २०३१ ला भरतात. हिशेबापुरती एकाची किंमत ४२,००० आणि दुसऱ्याची ४०,००० धरा. पहिला पडला महिन्याला १,५०० रुपयांना, दुसरा ६०० च्या आत. एस२३ चा कॅमेरा आणि प्रोसेसर उजवा आहे यात वाद नाही, पण त्या उजवेपणाला महिना ९०० रुपये मोजायचे का, हा प्रश्न आता निदान समोर तरी आला. सेलमधला 'जुना फ्लॅगशिप' नेहमी असाच तोलावा.

दुसरी मेख लाँचच्या व्हर्जनमध्ये असते. अँड्रॉइड १५ येऊन तीन महिने झाल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, एखादा फोन अँड्रॉइड १४ वरच बाजारात आला आणि कंपनीने '२ व्हर्जन' कबूल केली, तर त्यातलं एक आधीच बाहेर पडलेलं १५ आहे. हातात खरं नवं एकच, १६. कमी किमतीच्या फोनमध्ये हा प्रकार सर्रास चालतो. म्हणून 'किती व्हर्जन' यापेक्षा 'कुठल्या व्हर्जनपर्यंत' हे विचारा.

वचन नंतर वाढूही शकतं. पिक्सेल ६ आणि ७ मालिकेला आधी ३ व्हर्जन कबूल होती, डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने ती ५ वर्षं केली. आता पिक्सेल ६ए ची तारीख जुलै २०२७ आणि ७ए ची मे २०२८ आहे. जुन्या रिव्ह्यूत जुनाच आकडा असणार. तारीख काढताना कंपनीच्या मदत पानावरचा आकडा घ्या.

आयफोनच्या बाबतीत वर्षांचा असा गाजावाजा नसतो, तिथे इतिहास बघायचा. २०१५ चा आयफोन ६एस आयओएस ९ पासून १५ पर्यंत गेला. २०१८ चा एक्सआर १२ पासून १८ पर्यंत गेला आणि २०२५ चं आयओएस २६ (ॲपलने १८ नंतर थेट हाच आकडा घेतला) त्याला मिळालं नाही. दोन्हींत मूळचं धरून सात व्हर्जन. त्यानंतरही ॲपल काही काळ पॅच देतं: २०१३ च्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्येही सिक्युरिटी अपडेट आलं होतं. तेव्हा ढोबळ मानाने लाँचचं वर्ष अधिक ७.

आता फोन उघडून बघा

वचन कागदावर झालं. ते पाळलं जातंय का, हे फोनच सांगतो. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात अँड्रॉइड व्हर्जन. सॅमसंगमध्ये अबाउट फोनच्या आत सॉफ्टवेअर इन्फर्मेशन. तिथे चार ओळी कामाच्या.

पहिली अँड्रॉइड व्हर्जनची. तिच्यात समजण्यासारखं अवघड काही नाही.

दुसरी सिक्युरिटी अपडेटची तारीख, आणि सगळ्यात बोलकी हीच. ती जवळजवळ नेहमी महिन्याची १ किंवा ५ असते. हा योगायोग नाही. १ तारखेचा पॅच म्हणजे अँड्रॉइडचा स्वतःचा भाग दुरुस्त झाला. ५ तारखेचा म्हणजे त्यासोबत कर्नल (हार्डवेअरशी बोलणारा सिस्टिमचा गाभा) आणि चिप कंपनीच्या ड्रायव्हरमधली (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) भोकंही बुजली. १ तारखेचा पॅच दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण दर वेळी १ च दिसत असेल तर कर्नल आणि ड्रायव्हरची दुरुस्ती तुमच्यापर्यंत पुढच्या पॅचसोबत, म्हणजे उशिरा पोचत असेल असं समजा.

तारीख किती जुनी चालते? ते फोन कुठल्या यादीत आहे यावर. सॅमसंग काही मॉडेलना दर महिन्याला, काहींना तिमाही, काहींना सहामाही पॅच देतं, आणि वय वाढेल तसा फोन वरच्या यादीतून खालच्या यादीत सरकतो. स्वस्त फोनवर चार महिन्यांपूर्वीची तारीख ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल आणि 'चेक फॉर अपडेट' दाबल्यावर 'तुमचा फोन अद्ययावत आहे' असं येत असेल, तर एक तर सपोर्ट संपलाय किंवा फोन परदेशी रॉमवर (दुसऱ्या देशासाठीच्या सिस्टिम सॉफ्टवेअरवर) अडकलाय.

तिसरी ओळ गूगल प्ले सिस्टिम अपडेट. हिची तारीख वेगळी असते आणि नेमका घोळ इथेच होतो. अँड्रॉइड १० पासून सिस्टिमचे काही भाग गूगल थेट प्ले स्टोअरमार्फत बदलतं, फोन कंपनीला मध्ये न घेता. त्यामुळे कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनवरही ही तारीख पुढे सरकू शकते, आणि मालक म्हणतो, 'माझ्या फोनला अजून अपडेट येतं की!' येतं, पण चिपच्या ड्रायव्हरला आणि कर्नलला ते हात लावत नाही. ओळीवर टॅप करा, काही असेल तर उतरवा आणि फोन रीस्टार्ट करा. रीस्टार्टशिवाय तारीख बदलत नाही.

चौथी कर्नल व्हर्जन. इथले पहिले दोन आकडे फोनचं खरं वय सांगतात. ४.१९ दिसलं तर चिप जुन्या पिढीची आहे, स्नॅपड्रॅगन ८६५ च्या काळातली. त्या कर्नलची मुख्य देखभाल डिसेंबर २०२४ मध्ये संपली. नवं अँड्रॉइड आलं म्हणून सहसा हे आकडे बदलत नाहीत, कारण चिप कंपनीचे ड्रायव्हर त्या कर्नलवर बेतलेले असतात. नवा कर्नल हवा तर नवे ड्रायव्हर हवेत, आणि ते चिप कंपनीनेच द्यायचे.

इथेच अपडेट का थांबतात याचं उत्तर आहे. लोक फोन कंपनीच्या नावाने बोटं मोडतात, पण गाडी बऱ्याचदा चिपपाशी अडते. २०११ चा गॅलेक्सी नेक्सस हा गूगलचा स्वतःचा फोन. त्याची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची होती, आणि त्या कंपनीने २०१२ मध्ये मोबाइल चिपचा धंदाच आवरता घेतला. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ आलं तेव्हा गूगलने १८ महिन्यांच्या मुदतीवर बोट ठेवून त्याला वगळलं. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत प्रोजेक्ट ट्रेबल आला, चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे झाले, तेव्हापासून ही गाठ बरीच सैल झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन ८ एलिटपासून ८ वर्षांपर्यंत सपोर्टची तयारी जाहीर केली. फोन कंपनी त्यातली किती वर्षं वापरते हा तिचा प्रश्न, पण 'चिपच जुनी झाली' ही सबब आता महागड्या फोनना चालणार नाही.

सेकंडहँड घेताना काउंटरवरच

पैसे देण्याआधी हे करून घ्या, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी.

फोन रीस्टार्ट करायला लावा आणि लोगो येण्याआधीचा पडदा बघा. बूटलोडर (फोन सुरू करणारं, एरवी कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडलेला असेल तर तिथे इशारा झळकतो. तो दिसला तर फोन खाली ठेवा. अशा फोनवर बँकेची आणि यूपीआयची ॲप चालायचं नाकारू शकतात, आणि वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी यंत्रणा) एल१ पातळीवरून एल३ वर घसरली की नेटफ्लिक्सचं चित्र धुरकट दिसतं. इशारा दिसला नाही तरी प्ले स्टोअर उघडा, प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून सेटिंग्ज, मग अबाउट, आणि प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशनची ओळ बघा. 'डिव्हाइस इज सर्टिफाइड' असंच हवं.

डायल पॅडवर स्टार, हॅश, ०६, हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. तो खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा आणि दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावर टाकून फोन ब्लॉक केलेला नाही ना ते बघा.

दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी 'स्वस्तात मिळाला' म्हणून आणलेला फोन असेल तर आणखी दोन तपासण्या. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेलना सिमचा ट्रेच नसतो, फक्त ई-सिम. अँड्रॉइड असेल तर त्यात जिओचं सिम घालून एक कॉल लावून बघा. जिओकडे २जी-३जी नाही. परदेशी रॉममध्ये व्होल्टीची (४जी वरून कॉल लावायची) सोय आपल्या नेटवर्कसाठी चालू नसेल तर इंटरनेट फर्रकन चालेल आणि साधा कॉल मात्र लागणार नाही. शिवाय अपडेट येणार ते त्या देशाच्या वेळापत्रकाने.

आयफोन १५ आणि पुढच्यांत बॅटरीची सायकल, म्हणजे पूर्ण चार्जच्या किती फेऱ्या झाल्या, ते सेटिंग्जमध्येच दिसतं. १५ पासूनच्या बॅटऱ्या १,००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता टिकवतील अशा बनवल्यात, १४ आणि आधीच्या ५०० नंतर. १४ वर '८१ टक्के' दिसलं तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून बोली लावा.

रिव्ह्यूतून काय घ्यायचं

रिव्ह्यू लिहिला जातो फोन हातात आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत. इतक्या दिवसांत सपोर्ट तपासताच येत नाही. त्यामुळे रिव्ह्यूतून चिपचं नाव, लाँचचं व्हर्जन, रॅम आणि स्टोरेजचा प्रकार एवढं उचला. 'भविष्यातही वेगवान राहील' असलं वाक्य सोडून द्या.

भविष्य बघायची खरी जागा भूतकाळ आहे. त्याच कंपनीचा, त्याच किमतीच्या पट्ट्यातला, दोन वर्षांपूर्वीचा फोन शोधा. तो आज कुठल्या व्हर्जनवर आहे आणि त्याची पॅचची तारीख काय, हे वापरणाऱ्यांना विचारा. पट्टा तोच हवा. ८० हजारांच्या फोनला वेळेवर अपडेट देणारी कंपनी १२ हजारांच्या फोनला देईलच असं नाही. त्यातही '६ व्हर्जन' मिळणारा ४ जीबी रॅमचा फोन चौथ्या व्हर्जनला हातात धरवेल का, हा विचार विकत घेतानाच करा. वचन पाळलं गेलं तरी फोन रखडू शकतो.

'हे फीचर लवकरच अपडेटमधून' यावर पैसे लावू नका. कधी ते येतंही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ५जी सुरू झालं तेव्हा आयफोन १२, १३ आणि १४ मध्ये ५जी चं हार्डवेअर होतं, पण जिओ-एअरटेलचं ५जी चाललं ते डिसेंबरात आयओएस १६.२ आल्यावर. कधी सारवासारव होते. पिक्सेल ८ वर जेमिनाय नॅनो (फोनमध्येच चालणारं गूगलचं एआय) चालणार नाही असं मार्च २०२४ मध्ये सांगितलं गेलं, आणि जूनमध्ये तेच डेव्हलपर ऑप्शन्समध्ये देऊन टाकलं. आणि कधी व्हर्जन येतं पण फीचर येत नाही: आयओएस १८ आयफोन १५ ला मिळालं, ॲपल इंटेलिजन्स (ॲपलचं एआय) मात्र १५ प्रोलाच, कारण एकाला रॅम ६ जीबी आणि दुसऱ्याला ८. तेव्हा व्हर्जनचा आकडा आणि फीचरची यादी या वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

प्लॅटफॉर्मच बुडाला तर काय होतं, हे लुमिया, म्हणजे नोकियाचे विंडोज फोन, घेतलेल्यांना विचारावं. विंडोज फोन ७ चे हँडसेट २०१२ मध्ये ८ वर जाऊ शकले नाहीत, त्यांची ७.८ वर बोळवण झाली. २०१९ सरता सरता विंडोज १० मोबाइलचा सपोर्ट संपत आला आणि डिसेंबरअखेर व्हॉट्सॲपनेही काढता पाय घेतला. फोन ठणठणीत होते, कॉल लागत होते. ॲप गेली आणि खेळ संपला.

मोठं अपडेट टाकताना

महिन्याचा पॅच आला की त्याच आठवड्यात टाका, त्यात थांबण्यासारखं काही नाही. नव्या व्हर्जनला मात्र दोन-तीन आठवडे जाऊ द्या. कंपन्या ते टप्प्याटप्प्याने सोडतात. शेजाऱ्याला आलं आणि तुम्हाला नाही, यात काही बिघडलेलं नसतं.

टाकण्याआधी किमान १० ते १५ जीबी जागा मोकळी करा. नव्या पद्धतीच्या फोनमध्ये अपडेट चालू सिस्टिमला हात न लावता दुसऱ्या जागेत उतरतं, तुम्ही फोन वापरत असतानाच. रीस्टार्ट केल्यावर फोन तिकडे वळतो. नवी सिस्टिम उठलीच नाही तर बहुधा आपोआप जुनीवर परततो. याला तात्पुरती जागा लागते. ती नसेल तर अपडेट अडतं आणि लोक वायफायला शिव्या घालतात.

व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, पण आता तो गूगल खात्याच्या १५ जीबीतच मोजला जातो हे लक्षात ठेवा. खातं भरलेलं असेल तर बॅकअप गपचूप अडकलेला असतो. चॅट बॅकअपच्या पानावर शेवटची तारीख बघूनच पुढे जा. बॅटरी ५० टक्क्यांच्या वर ठेवा.

पहिले दोन दिवस फोन गरम होतो, बॅटरी उतरते. नव्या सिस्टिमसाठी ॲप पुन्हा तयार होत असतात. यावरून लगेच निकाल देऊ नका. रात्री चार्जरला लावून ठेवा, प्ले स्टोअरमधून सगळी ॲप अपडेट करा. चौथ्या दिवशीही तेच असेल तर सेफ मोडमध्ये दोन तास चालवून बघा. तिथे फोन शांत असेल तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या ॲपचा. सॅमसंगमध्ये रिकव्हरीतून वाइप कॅशे पार्टिशन करता येतं, त्याने डेटा जात नाही. फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी. पडद्यावर उभी हिरवी रेघ आली असेल तर रिसेटचा काही उपयोग नाही, तो पॅनेलचा बिघाड आहे.

परतीची वाट धरू नका, ती बऱ्याचदा बंद असते. ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ टाकलेल्या पिक्सेल ६ मालिकेला पुन्हा १२ वर जाता येत नव्हतं, कारण जुन्या बूटलोडरमधल्या त्रुटीमुळे गूगलने तो रस्ताच बंद केला होता. आणि अपडेटने दर वेळी भरच पडते असंही नाही. २०२५ मध्ये पिक्सेल ६ए ला आलेल्या सक्तीच्या अपडेटने ४०० सायकल झालेल्या बॅटरीची क्षमता मुद्दाम कमी केली, बॅटरी तापण्याचा धोका टाळायला.

तारीख उलटून गेली असेल तर

फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. आधी कंपनीचे पॅच थांबतात. प्ले सर्व्हिसेस आणि ॲप पुढे काही वर्षं चालतात. मग एकेक ॲप दार लावतं. व्हॉट्सॲपला जानेवारी २०२५ पासून किमान अँड्रॉइड ५ लागतं. क्रोमला ऑगस्ट २०२५ मधल्या १३९ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड १०. म्हणजे अँड्रॉइड ९ च्या फोनवर व्हॉट्सॲप मजेत चालेल, पण त्यातली लिंक उघडणारा क्रोम शिळा असेल. धोका व्हॉट्सॲपपेक्षा त्या लिंकमध्ये जास्त.

बँकेच्या ॲपचं गणित वेगळं आहे. ती गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारू शकतात की हा फोन भरवशाचा आहे का. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर त्यातली सर्वांत कडक पायरी पार करायला गेल्या १२ महिन्यांतला सिक्युरिटी पॅच लागतो. पॅच थांबून वर्ष झालं की ही पायरी हुकते. त्यामुळे तुमच्या तारखेत एक वर्ष मिळवा. तोवर यूपीआय आणि बँकेची ॲप दुसऱ्या फोनवर हलवलेली बरी. ऐनवेळी किराणा दुकानात उभं राहून कळण्यापेक्षा आधी हलवा.

मग लिनेजओएस आठवतं. सायनोजेनमॉड हा असाच जुना प्रकल्प बंद पडल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये उभा राहिलेला हा प्रकल्प जुन्या फोनना नवं अँड्रॉइड देतो, आणि देतो ते चांगलं. त्यांच्या अधिकृत यादीत आपलं नेमकं मॉडेल आहे का बघा. नावात 'प्लस' किंवा '५जी' चा फरक असेल तरी रॉम वेगळी असते, आणि चुकीची रॉम टाकली तर फोनची वीट होते. बूटलोडर उघडताना आतलं सगळं पुसलं जातं. सॅमसंगवर नॉक्सचा (त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज एकदा उडाला की मूळ रॉम परत टाकली तरी सिक्युअर फोल्डर कायमचं जातं. शाओमीवर बूटलोडर उघडायची परवानगी मागून वाट बघावी लागते. आणि अँड्रॉइड नवं आलं तरी चिप कंपनीचं फर्मवेअर जुनंच राहतं, ते लिनेजच्या हातात नाही. गाणी, पुस्तकं, गाडीतला नकाशा, मुलांचा वायफायवरचा फोन यासाठी लिनेज बिनधास्त टाका. ज्या फोनवर पगार जमा झाल्याचा मेसेज येतो त्यावर नको.